अपस्मारावरील कीटोजेनिक आहार आणि मुलांच्या हृदयाचा प्रश्न

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर लहान मुलांना कीटोजेनिक आहार सुचवला जातो, तेव्हा पालकांची पहिली शंका असते ती हृदयाविषयी. चेन्नईत ती अधिक तीव्रतेने उमटणे स्वाभाविक आहे. या शहरातील दोन वसाहतींत वीस वर्षांवरील नागरिकांची पाहणी झाली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, हृदयधमनी विकाराचे प्रमाण ११ टक्के होते. तेल-तूप कमी करण्याचा सल्ला ऐकत आलेल्या घरात भात, इडली, दोसा बाजूला सारून मुलाला सुमारे ९० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून द्यावी लागते.

या आहाराची उपयुक्तता चाचण्यांतून दिसून आली आहे. ब्रिटनमध्ये १४५ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनंतर आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण सहा टक्के होते.

हृदयावरील परिणाम दोन प्रकारचे आहेत. पहिला कोलेस्टेरॉलचा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १४१ मुलांच्या अभ्यासात (२००३) सहा महिन्यांत घातक कोलेस्टेरॉल सरासरी ५० मिलिग्रॅमने वाढले. मात्र, स्निग्ध पदार्थांचा प्रकार वा प्रमाण बदलून ही वाढ आटोक्यात आणता येते. आहार दीर्घकाळ घेतलेल्या दहा रुग्णांच्या दशकभराच्या पाहणीत (२०१८) हृदयरोगाचा धोका वाढल्याचे आढळले नाही. अर्थात, रुग्णसंख्या अल्प असल्याने हा निष्कर्ष अंतिम मानता येणार नाही.

दुसरा परिणाम विरळ, पण गंभीर आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० पैकी तीन मुलांच्या ईसीजीत हृदयाच्या विद्युतक्रियेतील एक टप्पा लांबल्याचे दिसले. अशा स्थितीत हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते. सेलेनियम या खनिजाच्या कमतरतेमुळे हृदयस्नायू दुर्बळ झाल्याचीही नोंद आहे. शरीराला स्निग्धांश वापरता न येण्याचे जन्मजात विकार असलेल्या मुलांना तर हा आहार देताच येत नाही.

म्हणूनच आहारापूर्वी अशा विकारांची तपासणी आवश्यक ठरते. त्यानंतर जीवनसत्त्वे व खनिजांची पूरक मात्रा, तसेच रक्तातील स्निग्धांश व सेलेनियमची नियमित तपासणी हवी. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०१८ च्या शिफारशींतही अशा तपासण्यांवर भर आहे. हृदयविकाराचा पूर्वेतिहास असल्यास हृदयाची तपासणीही सुचवली आहे.

खरी अडचण येथेच आहे. आहार घरी शिजतो. पण त्यावरील देखरेखीसाठी बालमेंदूविकार तज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा यांचा मेळ लागतो. मोठ्या शहरांत तो जमवता येतो. दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबाला मात्र प्रत्येक तपासणीसाठी प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब करावा लागतो. तपासण्या चुकल्या, तर टाळता येण्याजोगा धोका मुलाच्या वाट्याला येतो; भीतीपोटी आहारच नाकारला, तर झटके कमी होण्याची संधी हुकते. ही देखरेख जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचण्यावरच या उपचाराची सुरक्षितता बव्हंशी अवलंबून राहील. तोवर वैद्यकीय सल्ल्यावाचून हा आहार सुरू करणे वा अचानक थांबवणे मुलांसाठी धोक्याचेच आहे.