श्रवणतज्ज्ञांचे निरंतर शिक्षण : गुण कोणाला, लाभ कोणाला?

आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावी एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग मध्यंतरी आला. त्याचे आजोबा ओटीवर बसले होते. मी दोनदा नमस्कार केला, तेव्हा नातवाने त्यांच्या खांद्याला हात लावून माझ्याकडे लक्ष वेधले. कोनाड्यात देवाच्या तसबिरीशेजारी एक लहानशी डबी होती आणि तिच्यात श्रवणयंत्र होते. हिरड्याच्या आणि भाताच्या पैशांतून दोन वर्षांपूर्वी ते पुण्याच्या एका दुकानातून आणले होते. ‘घातलं की शिट्टी वाजते, आणि माणसापेक्षा भांडीच मोठ्यानं बोलतात,’ असे आजोबांनी सांगितले. पुन्हा पुण्याला जायचे म्हणजे येण्याजाण्यात पुरा दिवस मोडतो, म्हणून कोणी गेले नव्हते.

अशा डबीत पडलेल्या यंत्राचा दोष आपण सामान्यतः ग्रामीण अज्ञानाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. वस्तुतः आजोबांची तक्रार अत्यंत नेमकी होती. कानातला साचा सैल असला की बाहेर आलेला आवाज यंत्रात परत शिरतो आणि शिट्टी वाजते. वृद्धांची ऐकण्याची शक्ती बहुधा उंच स्वरांची आधी जाते. यंत्राने सगळेच आवाज सारख्या प्रमाणात वाढवले, तर भांड्यांचा खणखणाट असह्य होतो आणि शब्द मात्र कळत नाहीत. या दोन्ही गोष्टी अर्ध्या तासात दुरुस्त होण्यासारख्या आहेत; मात्र ते करणारा माणूस जवळ हवा, आणि त्याचे ज्ञान ताजे हवे.

हा माणूस म्हणजे श्रवणतज्ज्ञ. कान-नाक-घशाचे डॉक्टर कानाचा रोग पाहतात. श्रवणतज्ज्ञ ऐकण्याचे मोजमाप करतो, यंत्र निवडतो, ते कानाला जुळवतो आणि ऐकण्याची सवय नव्याने लावतो. आपल्याकडे या विद्येचे पदवी-शिक्षण १९६०च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्थेत सुरू झाले. १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुण्यात भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. व्यवसायाचे नियमन १९९२च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे आले. परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज हा व्यवसाय करता येत नाही. तसा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अशी कायद्यात तरतूद आहे. एका साध्या यंत्राच्या किमतीपुढेही हा दंड किरकोळ ठरतो, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

या नोंदणीचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या व्याख्यानांना, कार्यशाळांना उपस्थित राहून ठरलेले गुण जमवावे लागतात. निरंतर पुनर्वास शिक्षण असे या व्यवस्थेचे नाव आहे. तत्त्व निर्विवाद योग्य आहे. १९९०च्या सुमारास पदवी घेतलेल्या तज्ज्ञाने खिशात ठेवायची तारेची यंत्रे हाताळली. आजचे यंत्र संगणकाला जोडून जुळवावे लागते. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानाची प्राथमिक तपासणी आता काही मिनिटांत होते, आणि शंका राहिल्यास ‘बेरा’ चाचणी आहे. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय हा नियम गेली दोन दशके जगभर शिकवला गेला. अमेरिकेतील बालश्रवणविषयक संयुक्त समितीने २०१९ मध्ये, ज्यांना तो साधला आहे त्यांनी एक, दोन व तीन महिन्यांचे उद्दिष्ट धरावे असे सुचवले. कायदाही बदलला. १९९५च्या कायद्यात चांगल्या कानाचे ६० डेसिबलचे नुकसान हा श्रवण-अपंगत्वाचा एकच निकष होता. २०१६च्या कायद्याने ६० ते ७० डेसिबलपर्यंत ‘कमी ऐकू येणारा’ आणि त्यापुढे ‘कर्णबधिर’ अशी विभागणी केली. ही माहिती ज्याला नाही, तो तज्ज्ञ रुग्णाला प्रमाणपत्राबाबतही चुकीचा सल्ला देईल.

प्रश्न आहे तो गुण कशाचे मोजले जातात हा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना केनेथ ॲरो यांचा १९६३चा वैद्यकीय सेवेवरील निबंध आम्ही अजूनही शिकवतो. उपचार विकत घेणाऱ्याला त्याचा दर्जा ओळखता येत नाही. भाजी चांगली की वाईट हे गिऱ्हाईक घरी गेल्यावर जाणते, उपचाराचे तसे नसते. म्हणून अशा बाजारात परवाना, पदवी, नोंदणी यांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. डिंभ्याच्या आजोबांना यंत्र वाईट वाटले, पण ते यंत्र वाईट की बसवणी वाईट हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांच्या वतीने हे पाहण्यासाठीच नोंदणी आहे. आणि नोंदणी काय पाहते? तज्ज्ञ किती तास सभागृहात बसला, हे. त्याने जुळवलेली यंत्रे सहा महिन्यांनी कानात आहेत की डबीत, याचा त्या गुणांशी संबंध नाही.

तज्ज्ञाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी पुण्या-मुंबईला जायचे, तर प्रवासखर्च, प्रवेशशुल्क आणि दोन दिवसांची बुडालेली प्राप्ती असा तिहेरी भुर्दंड पडतो. मोठ्या रुग्णालयातील पगारदारास ही झळ लागत नाही. म्हणजे ज्याला सहकाऱ्यांशी बोलण्याची संधी रोज मिळते त्याला शिक्षण स्वस्त, आणि जो एकटा आहे त्याला महाग! २०२० नंतर संगणकाच्या पडद्यावरील व्याख्यानांनी ही अडचण काहीशी कमी केली, हे मान्य केले पाहिजे. तथापि कानाचा साचा घेणे हे हाताचे कौशल्य आहे, ते पडद्यावरून येत नाही. नव्या यंत्रांचे शिक्षण उत्पादक कंपन्या देतात आणि ते उपयुक्तही असते. पण कोणत्या माणसाला यंत्राची गरजच नाही, हे कंपनीने शिकवावे अशी अपेक्षा कशी करावी? कानात मळ साठला आहे, पडद्याला भोक पडून कान वाहतो आहे, अशी माणसे दर शिबिरात असतात.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत या प्रश्नाचे रूप अधिक ठळक दिसते. पूर्वेला नारायणगाव-मंचरचा बागायती पट्टा, टोमॅटो-कांद्याचे बाजार, साखर कारखाने. पश्चिमेला भीमाशंकर-नाणेघाटाच्या कुशीतील महादेव कोळी वस्त्या. पूर्वेकडे यंत्रांचा गोंगाट, मिरवणुकांचे ध्वनिवर्धक, नारायणगावच्या तमाशाच्या फडांतील ढोलकी. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवण्याजोगा रोग म्हणून गणले गेले, पण फडातील वादकाला कोणता अधिनियम? पश्चिमेकडे लहान मुलांचे वाहते कान, आणि आश्रमशाळेत मागच्या बाकावर बसलेला ‘मंद’ मुलगा, ज्याचे ५० डेसिबलचे नुकसान प्रमाणपत्रालाही पुरत नाही आणि ज्याला फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या गुरुजींचे वाक्यही पुरे ऐकू येत नाही. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरच्या दीर्घिकांचे क्षीण रेडिओ संदेश टिपत असतात. त्याच तालुक्यात या मुलाचे मोजमाप व्हायला त्याने शाळा सोडण्याची वेळ येऊ नये.

सरकारी योजना नाहीत असे नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. २०१३ मध्ये पालघरला आरंभ झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि त्याची फिरती पथके अंगणवाड्या-शाळांपर्यंत जातात. पथकाने संशय व्यक्त केला की मूल जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे, असा क्रम आहे. जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर, आणि घाटमाथ्यावरील वस्तीतून जुन्नरला येणेच पावसाळ्यात कष्टाचे. या वाटेत मुले गळतात.

म्हणून निरंतर शिक्षणाचे गुण या वाटेवर आणून ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. मंचर, घोडेगाव, जुन्नर, ओतूर या चारही ठिकाणी महाविद्यालये आहेत. सुट्टीत सभागृहे मोकळी असतात. जिल्हा परिषदेने व पुण्यातील शिक्षणसंस्थांनी मिळून तेथे कार्यशाळा भरवाव्यात. सकाळी व्याख्यान, दुपारी आश्रमशाळेतील मुलांची तपासणी, आणि सहा महिन्यांनी त्याच मुलांची, त्याच म्हाताऱ्यांची फेरतपासणी. पहिल्या भेटीला निम्मे गुण, फेरतपासणीला उरलेले. पुनर्वास परिषदेने अशा कामाला व्याख्यानाइतकीच मान्यता दिली, तर तज्ज्ञाचा प्रवासखर्च वाया जात नाही आणि शिकवणाऱ्यालाही काही शिकायला मिळते. शब्द ओळखण्याच्या चाचणीत छापील प्रमाण मराठी शब्द वापरले, तर कोळी वस्तीतील मुलाचे चुकणे कानाचे की अनोळखी शब्दाचे, हे वातानुकूलित सभागृहात कसे समजणार? आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांना त्याच दुपारी सोबत बसवावे. संशयित मूल प्रथम त्यांनाच दिसते.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या श्रवणविषयक अहवालाने कान व श्रवण सेवेवरील प्रत्येक डॉलरमागे दहा वर्षांत सुमारे १६ डॉलरचा परतावा अंदाजिला आहे. असे जागतिक आकडे तालुक्याला जसेच्या तसे लावणे मला धाडसाचे वाटते. परताव्याचा पुष्कळ भाग शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाच्या मिळकतीतून येतो आणि तशी मिळकत घाटमाथ्यावर थोडी. परंतु खर्चाची बाजू येथे लहानच आहे. सभागृह आहे, पथके आहेत, तज्ज्ञांना गुण मिळवायचेच आहेत. नवा खर्च मुख्यतः फेरतपासणीच्या दिवशी गावांतून माणसे आणणाऱ्या गाडीचा. ती गाडी भातलावणीच्या दिवसांत पाठवली तर रिकामी परत येईल, एवढे मात्र नियोजनकर्त्यांनी गावकऱ्यांना आधी विचारून घ्यावे.