‘संथ’ हा शेरा कोणाच्या वतीने?

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ हा सन्मान मिळाला व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो भारतभर प्रदर्शित झाला. त्याविषयीच्या मतांमध्ये दोन सूर वारंवार ऐकू येतात. दृश्ये सुंदर असली तरी चित्रपट फार संथ आहे, हा पहिला. प्रत्येक चौकट म्हणजे एक कविताच आहे, हा दुसरा. वरकरणी हे सूर परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : चित्रपटाचे रूप निराळे आणि त्याचा आशय निराळा. हे गृहीतक तपासल्याशिवाय या चित्रपटाची चर्चा पुढे जाणे शक्य नाही.

प्रथम संथपणाचा आरोप घेऊ. मुंबईतील रुग्णालयात काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिकांची ही कथा आहे. प्रभाचा पती जर्मनीत आहे आणि त्याचा दूरध्वनीही येईनासा झाला आहे. एके दिवशी परदेशातून भात शिजवण्याचे एक यंत्र तेवढे घरी येते. अनूचे शियाझ या मुसलमान तरुणावर प्रेम आहे, परंतु एवढ्या मोठ्या शहरात दोघांना एकांताची जागा मिळत नाही. येथे प्रेमाची अडचण ही प्रथमतः जागेची अडचण आहे, आणि जागा नसणाऱ्यांच्या वाट्याला प्रतीक्षाच येते. ही प्रतीक्षा चित्रपट सांगत नाही. तिचा काळ तो प्रेक्षकाला भोगावयास लावतो. गती वाढविली असती तर कथानक तेच राहिले असते, प्रतीक्षा मात्र नाहीशी झाली असती.

सौंदर्याची स्तुतीही तितकीच अपुरी आहे. रणबीर दास यांच्या छायालेखनातील पावसाळी निळाईविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु ही निळाई ताडपत्र्यांची आहे, परिचारिकांच्या गणवेशाची आहे. तिच्याच शेजारी पार्वती उभी आहे. छाया कदम यांनी साकारलेली ही रुग्णालयातील स्वयंपाकीण पतीच्या निधनानंतर बेघर होते, कारण ज्या घरात इतकी वर्षे काढली ते आपले असल्याचा कागद तिच्याजवळ नाही. बांधकाम कंपनीच्या जाहिरात-फलकावर ती रात्री दगड भिरकावते आणि अखेर रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. चौकटीची कविता वाचणाऱ्यांनी या कागदाचे गद्यही वाचणे आवश्यक होते. ज्या उदासीनतेचे कौतुक होते तिचे कारण त्या गद्यात आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर, कारण तो अधिकारस्थानावरून आला. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्करसाठी ‘लापता लेडीज’ची निवड झाल्यानंतर, हा चित्रपट भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला, असे परीक्षकांचे मत फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या अध्यक्षांनी वृत्तपत्रांपुढे मांडले. या निर्मितीत फ्रान्ससह युरोपीय देशांचा पैसा आहे हे खरे. महोत्सवांची अभिरुची चित्रपटांना वळण लावते हेही खरे. परंतु पैशाच्या उगमावरून शैलीचे कुळ ठरत नाही. बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन थांब्यावर ताटकळणारी स्त्री मणी कौल यांनी ‘उसकी रोटी’त १९७० च्या सुमारास दाखविली. कौल पुण्याच्या चित्रपटसंस्थेचे विद्यार्थी, कपाडियाही तेथल्याच. प्रतीक्षेला रूपबंध करणारी ही परंपरा पुण्यात घडलेली आहे. देशीपणा म्हणजे परिचित वेग, असा अर्थ लावणे ही देशीवादाची विटंबना होय.

राहतो तो ‘सामान्य प्रेक्षका’चा युक्तिवाद. असले चित्रपट महानगरी रसिकांचे, बुलढाण्याच्या प्रेक्षकाला त्यांचे काय, असे सहजपणे म्हटले जाते. याच जिल्ह्यातील मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि मराठी भावगीताच्या युगाची ती नांदी ठरली. हळव्या, हुरहूर लावणाऱ्या प्रेमभावनेची समज बाहेरून आणून या भूमीत रुजवावी लागली नाही. तबकडी पोहोचली तशी ती कविता घरोघर गेली. अभिरुचीचा प्रश्न पुष्कळदा पोहोचण्याचा प्रश्न असतो. जानेवारी २०२५ पासून हा चित्रपट घरबसल्या पाहता येऊ लागला. परंतु काळोखावर उभी असलेली ही दृश्ये भर दुपारी हातातल्या फोनवर पाहणाऱ्याला ‘काही दिसत नाही’ असे वाटले, तर तो दोष त्याच्या रसिकतेचा नव्हे. आणि घाटावरच्या वा घाटाखालच्या गावांतून मुंबई-पुण्यास कामासाठी गेलेल्या माणसाला पार्वतीचा कागद समजावून सांगण्याची गरज कोणालाही पडू नये.

तेव्हा ‘संथ’ हा शेरा प्रेक्षकाने स्वतःच्या वतीने मारला तर त्याचे स्वागत करावे. त्यातून संवाद सुरू होतो. त्याच्या वतीने तो दुसऱ्यांनी मारणे हे मात्र समीक्षेने अमान्य केले पाहिजे. ज्याला चित्रपट दाखविलाच नाही त्याची नापसंती पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.