बाईक बदलावी का?

घनसावंगीच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे : जुनी केटीएम ३९० ड्यूक एक्सचेंजमध्ये देऊन नवी ड्यूक घ्यावी का? अब्बा नको म्हणतात.

भाऊ, आम्ही हिशेब मांडून पाहिला. जुन्या गाडीचे इंजिन ३७३ सीसी, २०२३ पासूनच्या मॉडेलचे ३९९. दोन्ही गाड्या ताशी दीडशेच्या पुढे जातात. आपल्या दुपदरी रस्त्यावर मोटारसायकलला मर्यादा मात्र ६० ची. गाळपाच्या दिवसांत उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाही नसतो. ज्या वेगासाठी पैसे मोजायचे, तो वापरायला जागाच नाही. त्यात सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींना जीएसटी ४० टक्के. फरकाची रक्कम व्याजाच्या हप्त्यांवर काढणार असाल, तर अब्बांचेच ऐका.

पैसे हाताशी असतील आणि बदलायचीच असेल, तर जुन्या गाडीवरचे नाव आरटीओत आधी बदलून घ्या. नाव तुमचेच राहिले आणि दुसऱ्याच्या हातून अपघात झाला, तर भरपाई नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसा निकाल दिला आहे.

नाहीतर आहे त्याच गाडीला नवे टायर आणि ब्रेक पॅड टाका. तुम्ही परतेपर्यंत अम्मी जागी असते, तेही हिशेबात धरा.