प्रश्न विचारला, पुढे काय झाले?

विधिमंडळाचे अथवा संसदेचे अधिवेशन संपले की थोड्याच दिवसांत लोकप्रतिनिधींच्या कामगिरीची पत्रके घरोघर येऊ लागतात. इतके तारांकित प्रश्न, इतक्या लक्षवेधी सूचना, इतक्या वेळा औचित्याचा मुद्दा, असा हिशेब त्यांत मांडलेला असतो. विषयही नानाविध असतात : नाशिक-पुणे रेल्वे, कांद्याची निर्यात, गोदावरीचे प्रदूषण, रुग्णालयांतील रिकाम्या जागा, शिक्षकांचे वेतन. आपल्या प्रतिनिधीने एवढ्या मंत्र्यांना एवढ्या विषयांवर बोलते केले, हे वाचून मतदारास समाधान वाटते व ते स्वाभाविकही आहे. परंतु मंत्र्यांनी उत्तर काय दिले, आणि ते उत्तर ऐकून आपला प्रतिनिधी गप्प बसला की पुन्हा उभा राहिला, हे त्या पत्रकात सहसा आढळत नाही. आमच्या मते कामगिरीची खरी परीक्षा तेथेच आहे.

मंत्र्यांस प्रश्न विचारण्याचा अधिकार आज आपणांस हवापाण्याइतका सहज वाटतो. तो तसा सहज मिळालेला नाही. १८६१ च्या कायद्याने निर्माण झालेल्या कौन्सिलांत सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली. तीही अशी की, सरकारने उत्तर वाचून दाखवावे व सभासदाने ते निमूटपणे ऐकून घ्यावे. उत्तरावर पूरक प्रश्न विचारण्याची सवलत १९०९ च्या सुधारणांनी दिली, परंतु केवळ मूळ प्रश्नकर्त्यास. ती सर्व सभासदांना खुली होण्यास १९१९ चा कायदा यावा लागला. म्हणजे प्रश्नाचा अधिकार मिळाल्यानंतर पूरक प्रश्नाचा पूर्ण अधिकार मिळण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. परकीय राज्यकर्ते चाणाक्ष होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत बसून तयार करता येते, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सभागृहात उभे राहून द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आजच्या नियमांतही हा भेद कायम आहे. लोकसभेत प्रश्नाची पूर्वसूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. आलेल्या सूचनांतून चिठ्ठ्या निघतात, व एका दिवसाच्या यादीत तोंडी उत्तरासाठी वीसच प्रश्न बसतात. ते तारांकित होत. बाकीच्या अतारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात, व त्यांवर पूरक प्रश्न विचारता येत नाही. या वीस प्रश्नांपैकीही तासाभरात प्रत्यक्ष चर्चेस येतात ते मोजकेच. अशा स्थितीत शंभर लेखी उत्तरे गोळा करणाऱ्या सभासदापेक्षा एका तारांकित प्रश्नावर मंत्र्यास नीट अडविणाऱ्या सभासदाचे काम मोठे ठरावे, यात नवल नाही.

स्वतंत्र भारतात याचे सर्वांत लखलखीत उदाहरण १९५७ सालचे आहे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये गुंतविल्याची बाब त्या वर्षी सप्टेंबरात प्रश्नाच्या रूपाने लोकसभेत आली. मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तेव्हा ती पुन्हा आली. आणि १६ डिसेंबर रोजी फिरोज गांधी यांनी तारखा व आकडे समोर ठेवून सरकारच्या निवेदनातील विसंगती उघड केली. फिरोज गांधी विरोधी बाकावर बसणारे नव्हते. ते सत्ताधारी पक्षाचे सभासद व खुद्द पंतप्रधानांचे जामात होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकरवी उघड चौकशी झाली, व फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. पॉलिसीधारकांच्या पैशाचा हिशेब एका प्रश्नाने सुरू झाला, परंतु तो पुरा झाला चिकाटीमुळे. पहिले उत्तर ऐकून सभासद खाली बसले असते, तर ते प्रकरण तेथेच विझले असते.

नाशिककरांना उदाहरणासाठी दिल्लीपर्यंत जाण्याचे कारण नाही. त्याच १९५७ साली नाशिकने लोकसभेत पाठविले ते दादासाहेब गायकवाड यांना. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावच्या या माणसाने काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात वर्षानुवर्षे लढा दिला होता. भूमिहीनांचा प्रश्न घेऊन १९५९ साली त्यांनी सत्याग्रह उभारला. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला सभागृहाबाहेर माणसे उभी करावी लागतात, हे त्यांचे राजकारण होते. पुढे १९६४ साली ते राज्यसभेत असताना रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. पडीक जमीन भूमिहीनांस द्यावी, या मागणीबरोबरच संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे व बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, अशाही मागण्या तीत होत्या. या दोन मागण्या मान्य झाल्या १९९० साली. दादासाहेब १९७१ मध्येच निवर्तले होते. सव्वीस वर्षांनी उत्तर मिळाले, ते मागणी सोडून न देणारे लोक मागे उरले होते म्हणून.

दादासाहेबांनंतर थोड्याच वर्षांत नाशिकला याच्या उलट बाजूचाही अनुभव आला. चिनी आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेलेले यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. प्रश्न विचारणाऱ्या बाकावरून नाशिकचा प्रतिनिधी उत्तर देणाऱ्या बाकावर गेला. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला, आणि या शहराचे रूप पालटण्यास त्याचा मोठा हातभार लागला. मंत्रिपद आपल्या वाट्यास यावे असे प्रत्येक शहरास वाटते, ते अशाच कारणांनी. त्यात गैर काही नाही. पण मंत्रिपद येते आणि जाते. प्रश्न विचारण्याचे आसन मात्र प्रत्येक निवडणुकीत मिळतेच. त्याचा उपयोग कसा करावयाचा, एवढेच आपल्या हाती असते.

आता आजच्या प्रश्नांकडे वळू. नाशिक-पुणे रेल्वेमार्गाविषयी मुंबईत आणि दिल्लीत किती वेळा विचारणा झाली, याची गणती करणे कठीण आहे. सुमारे २३५ किलोमीटरच्या व सोळा हजार कोटींच्या घरात जाणाऱ्या निमजलद मार्गाची योजना सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण अशी आखण्यात आली. मग सांगण्यात आले की, नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात या मार्गामुळे व्यत्यय येईल. आणि शिर्डीमार्गे जाणारी वेगळी आखणी पुढे आली. विज्ञानाची ती थोर संस्था जपलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या काही रातोरात उगवलेल्या नाहीत. त्या १९९० च्या दशकापासून तेथे उभ्या आहेत. मग मार्गाची आखणी करणाऱ्यांना त्या दिसल्या नाहीत काय? दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांचे मत आखणीपूर्वी घेतले होते काय? घेतले असल्यास कोणत्या तारखेस, आणि घेतले नसल्यास त्याची जबाबदारी कोणाची? बदललेल्या मार्गाने अंतर व खर्च किती वाढतो? हे पूरक प्रश्न होत. 'रेल्वे केव्हा होणार?' या प्रश्नास 'सविस्तर अहवालाचे काम चालू आहे' हे उत्तर वर्षानुवर्षे देता येते. वरील प्रश्नांना ते देता येणार नाही.

कांद्याचेही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती किमान दराच्या अटीसह व ४० टक्के शुल्कासह खुली झाली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. वीस महिन्यांत पाच फेरफार! प्रत्येक वेळी प्रश्न विचारले गेले, व ग्राहक आणि शेतकरी या दोघांचेही हित पाहिले जाते, असे उत्तर सांगण्यासारखे होतेच. शहरातील ग्राहकास कांदा परवडावा, हा विचार आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु शुल्क बसविताना देशातील साठ्याचा कोणता अंदाज सरकारपुढे होता, तो कोणी केला व नंतर खरा ठरला काय, हे विचारून कागद पटलावर ठेवून घेतल्याशिवाय पुढचा निर्णय मागच्याहून शहाणा कसा व्हावा? लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर उभा करून बसलेल्या शेतकऱ्यास सहानुभूतीहून या माहितीची गरज अधिक आहे.

परीक्षेत उत्तर न येणारा विद्यार्थी प्रश्नच थोडा फिरवून लिहितो व पान भरतो. मंत्र्यांच्या कित्येक उत्तरांची जात हीच असते. 'अंशतः खरे आहे', 'बाब शासनाच्या विचाराधीन आहे', 'माहिती घेण्यात येत आहे', या वाक्यांनी इतिवृत्ताची पाने भरली आहेत. पण या वाक्यांतही वसूल करण्याजोगे काही असते. माहिती घेऊन सांगू, असे मंत्री सभागृहात म्हणाले की ते आश्वासन होते. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेने १९५३ साली खास समिती नेमली. आश्वासन साधारणतः तीन महिन्यांत पुरे व्हावे, असा तेथील दंडक आहे. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. आमच्या प्रतिनिधींनी आपल्या पत्रकात यापुढे आणखी दोन ओळी घालाव्यात : मिळविलेली आश्वासने इतकी, व त्यांपैकी पुरी झालेली इतकी.

प्रश्नाचे मोल जाणले नाही म्हणजे त्याचा बाजारही होतो. १९५१ साली मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या एका संस्थेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल एका सभासदास संसद सोडावी लागली. २००५ साली याच कारणासाठी अकरा सभासदांची हकालपट्टी झाली, आणि त्यांत आमच्या शेजारच्या खानदेशातून निवडून आलेले दोघे होते. बाजार झाला नाही तरी उपेक्षा होते. २०२० च्या साथीत संसदेचा प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला, व महाराष्ट्र विधिमंडळाची अधिवेशने दोन दोन दिवसांत उरकली गेली. सभागृहे सुरळीत चालू असतानाही गदारोळात जो तास पहिल्यांदा बुडतो, तो हाच. गदारोळ करणाऱ्या विरोधकांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या तासाच्या बुडण्याने सर्वांत सुखावतो तो उत्तर तयार नसलेला मंत्री.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी एक दशांश जागाही कोणा एका विरोधी पक्षास मिळाल्या नाहीत. हा मतदारांचा कौल आहे व तो मानलाच पाहिजे. पण त्याचा एक अर्थ असा की, प्रश्न विचारण्याचे ओझे आता सत्ताधारी पक्षांच्या आमदारांवरही पडले आहे. आपल्याच मंत्र्यास अडचणीचा प्रश्न विचारणे ही पक्षद्रोहाची गोष्ट नव्हे, हे फिरोज गांधींनी दाखवून दिले आहे. आणि प्रश्नकर्ताच नसेल तर काय होते, हे तर नाशिकने स्वतः अनुभविले आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, आणि २०२५ साल सरेपर्यंत या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. रस्ते, पाणी, घरपट्टी, सिंहस्थाची कामे, हे सारे निर्णय प्रशासकांच्या सहीने झाले. ते सर्व चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु महासभेत उभे राहून 'का?' असे विचारण्याचा अधिकार त्या काळात कोणासही नव्हता.

राहता राहिला प्रश्न आपला, म्हणजे शहरातील सुशिक्षितांचा. चांगला पूरक प्रश्न आभाळातून पडत नाही. त्यामागे कोणी तरी जमविलेली माहिती असते. या शहरात वकील आहेत, अभियंते आहेत, डॉक्टर व प्राध्यापक आहेत. उद्योजकांच्या व व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत. आमदार-खासदारांकडे आपण जातो ते बहुधा बदलीच्या, प्रवेशाच्या अथवा शिफारशीच्या कामासाठी. त्याऐवजी अधिवेशनापूर्वी एखाद्या विषयाचे टिपण, तारखा व आकड्यांसह, त्यांच्या हाती दिले तर? आणि अधिवेशन संपल्यावर त्यांना सभेस बोलावून, मिळालेली उत्तरे वाचून दाखविण्यास सांगितले तर? प्रश्नांची व उत्तरांची कागदपत्रे सर्वांना पाहण्यास खुली आहेत. ती पाहण्यास पैसा लागत नाही, चिकाटी तेवढी लागते.

सिंहस्थ जवळ आला आहे. गोदावरीत सांडपाणी मिसळते काय, तपोवनातील झाडांचे काय होणार, पर्वणी आटोपल्यावर त्या बांधकामांचे काय करावयाचे, असे अनेक प्रश्न त्या निमित्ताने सभागृहांत विचारले जातील. विचारणाऱ्यांचे आम्ही अभिनंदन करू. परंतु ते करण्यापूर्वी उत्तर मागून घेऊ, आणि उत्तर मिळाल्यावर तीन महिन्यांनी तोच विषय पुन्हा काढू. नाशिकच्या मतदारांनीही आपल्या प्रतिनिधीकडे याहून कमी काही मागू नये.