कोपरा सांभाळणारी आणि तिच्या मागची बारावी

बोली लागली म्हटले की आपल्या वऱ्हाडात कापूस आणि तूर आठवते. आता खेळाडूंवरही बोली लागते, हे क्रिकेटमुळे घरोघरी ठाऊक झाले आहे. पण कबड्डीच्या लिलावाचा आकडा ऐकून माझा अकोल्याचा भाचा म्हणाला, "आत्या, नुसते पाय धराचे सव्वादोन कोटी!" मी हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला. बचाव करणाऱ्याला एवढी किंमत कशासाठी? आणि ती वसूल होते का?

तो खेळाडू इराणचा मोहम्मदरेझा शादलू. ऑक्टोबर २०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. संघाकडे खर्चायला एकूण पाच कोटी, त्यातले जवळपास निम्मे एकाच माणसावर! घरखर्च सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला हा हिशेब धोक्याचा वाटेल.

पण पुण्याचे घर आधीच भरलेले होते. चढाईला कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. बचावात अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत. कोपरारक्षक चढाईपटूचा घोटा किंवा मांडी धरतो, पण शेजारचा मध्यरक्षक धावून आला नाही तर पकड सुटते आणि गुण समोरच्याला जातो. शादलू तर पुढे झेपावून पकड करणारा. त्याच्या धाडसाला मागून आधार देणारी माणसे पुण्याकडे होती. त्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतले.

त्याच लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले होते. खेळाडू अव्वल दर्जाचा, तरी टायटन्स शेवटच्या क्रमांकावर राहिले. दागिना मोलाचा, पण घरात पीठ नाही, तशी गत.

पुढच्या वर्षी शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणाने पाटणा पायरेट्सला हरवून विजेतेपद मिळवले. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले, पण गुजरात बाद फेरीतही पोहोचला नाही. आणि पुणेरी पलटण? त्याच्याशिवाय पहिल्या वर्षी अडखळली. त्यात अस्लमही जखमी झाला. पण २०२५ मध्ये ती पुन्हा अंतिम फेरीत आली आणि दबंग दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी हरली. म्हणजे चांगला बचावपटू भरल्या संघाला शिखरावर नेतो. रिकामा संघ तो एकटा उभा करू शकत नाही.

आता आपल्याकडे बघू. आपली अमरावती कबड्डीला परकी नाही. १९३६ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, त्यात कबड्डीही होती. तरी गेल्या वर्षी तालुक्याच्या सामन्यांना एका गावच्या मुलींबरोबर मी गेले, तेव्हा संघात मुली होत्या फक्त आठ. नियमाने सात मैदानात आणि पाच राखीव अशा बारा चालतात. उत्तरार्धात कोपऱ्यातल्या मुलीचा पाय मुरगळला. तिच्या जागी आलेली आठवी मुलगी चढाई करणारी, कोपऱ्यात कधी उभी राहिलेली नव्हती. पाहता पाहता दोन लोण बसले. परतताना एसटीत पोरगी रडत म्हणाली, "काकू, माह्या जागेवर उभी रायाले कोणी होतंच नाई न!"

बाकीच्या चौघी कुठे होत्या? एकीचे लग्न ठरले होते. एकीला सोयाबीनच्या सोंगणीमुळे घरी धाकट्या भावाला सांभाळायचे होते. एकीची पाळी आली होती आणि मैदानाजवळ धड संडास नाही, हे तिला माहीत होते. चौथीच्या आईने मलाच विचारले, "पाय मोडला त कोन करन इच्याशी लगन?" मुलींच्या संघाची राखीव फळी अशी घरातच गळते. कुठला प्रशिक्षक ती भरून काढणार?

लिलावाचे तर बोलायलाच नको. प्रो कबड्डीचे २०२५ पर्यंत पुरुषांचे बारा हंगाम झाले. मुलींच्या वाट्याला त्या स्पर्धेतून २०१६ चे तीन संघांचे महिला कबड्डी चॅलेंज तेवढे आले. मुली कमी पडल्या असे मात्र नाही. २०१२ च्या महिला विश्वचषकात सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ या आपल्या राज्याच्या तिघी जिंकून आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला भारतीय मुलींनी पुन्हा विश्वचषक आणला. आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आपल्याला हरवणाऱ्या इराणच्या मुलींना शिकवणारी बाई होती नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशात जाऊन मराठी बाई संघ बांधू शकते, तर आपल्या गावात आपल्याला बारा मुली का जमवता येऊ नयेत?

कोटींचे काम आपले नाही. पण सरावाच्या वेळी धाकट्याला सांभाळणे, मैदानाजवळच्या घराचा संडास मुलींसाठी उघडा ठेवणे, पाय मुरगळला तर आईला धीर देणे, हे बचत गटातल्या बायांना सहज जमते. आमच्या गटाने वहीत बारा ओळी आखल्या आहेत. सध्या नऊ नावे झाली. दहावीच्या आईकडे उद्या संध्याकाळी जाणार आहोत. स्वयंपाक आटोपला की, चौघी मिळून.