विमापत्रातील ‘स्थानिक भाषा’ कोणाची?

दुकानाची पाटी, शासकीय परिपत्रके, सातबाऱ्याचा उतारा मराठीत असावा म्हणून सीमाभागात आम्ही वर्षानुवर्षे भांडत आलो. मात्र कर्त्या माणसाच्या पश्चात साऱ्या घराची भिस्त ज्या कागदावर असते, त्या विम्याच्या प्रस्तावपत्रावर आम्ही न वाचताच सही करतो. ही सवय सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे विमा प्रतिनिधी बहुधा आपल्या ओळखीतलाच असतो. बोलणे सारे मराठीत होते. अर्ज मात्र इंग्रजीत असतो आणि तो प्रतिनिधीच भरतो. मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण होते. ‘मजकूर मला समजावून सांगितला आहे’ या आशयाच्या निवेदनाखालीही सही होते. पुढे दावा नाकारला गेला की ते मराठी बोलणे सिद्ध करता येत नाही. पुढे येते ती आपली सही.

विम्याचा करार उभय पक्षांच्या सचोटीवर उभा असतो. आजार, व्यसने, आधीची विमापत्रे यांची खरी माहिती देणे, हप्ता मुदतीत भरणे, नामनिर्देशन अद्ययावत ठेवणे ही विमेदाराची कर्तव्ये होत. परंतु न कळलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणार कसे? म्हणूनच भाषेचा हक्क हा या कर्तव्याचा पाया आहे.

इतर हक्कही मोलाचे आहेत. आयुर्विमा पसंत न पडल्यास विमापत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत ते परत करता येते. किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर आयुर्विम्याच्या वैधतेला हरकत घेता येत नाही. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. त्यासाठी बेळगावकरांना बंगळूरु, तर गोमंतकीयांना पुणे येथील कार्यालय आहे.

आरोग्यविम्यासोबत १ जानेवारी २०२४ पासून सोप्या शब्दांतील ग्राहक माहितीपत्रक देणे बंधनकारक झाले. विमेदाराने इच्छा व्यक्त केल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे, असा विमा नियामकाचा आदेश आहे. पण बेळगावात स्थानिक भाषा म्हणजे केवळ कन्नड, इंदुरात केवळ हिंदी, बडोद्यात केवळ गुजराती, असा अर्थ कंपन्यांनी लावला तर? त्या भाषांशी आमचे वैर नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या मराठी माणसाची भाषाही तेथे स्थानिकच आहे, असे आम्ही मानतो.

हा अर्थ मागणीनेच रूढ होईल. म्हणून आमची विनंती आहे : मराठी माहितीपत्रक लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. प्रस्तावपत्रातील प्रत्येक प्रश्न मराठीत समजल्याखेरीज सही करू नका आणि भरलेल्या प्रस्तावपत्राची प्रत घरी जपून ठेवा.