मांत्रिकाची बोली व दवाखान्याची भाषा

पावसाळा लागून निंदण-डवरणीचीं कामें सुरू झालीं, कीं यवतमाळ जिल्ह्यांत सर्पदंशाच्या वार्ता येऊं लागतात. दंश झालेल्या मनुष्यास आधीं मांत्रिकाकडे, व वेळ टळल्यावर दवाखान्यांत, नेल्याचें अजूनही ऐकिवांत येतें. त्यावर शहरांतील सुशिक्षित मंडळी 'अडाणीपणा' असा शेरा मारून मोकळी होतात. आमच्या मतें हें निदान अपुरें आहे.

मांत्रिकास यश येतें याचें कारण उघड आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सर्पही प्रत्येक दंशांत विष सोडतोच असें नाहीं. असा रोगी आपोआप वांचतो व श्रेय मंत्रास मिळतें. परंतु नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसें यांचें विष अंगांत भिनलें असतां प्रतिविषाच्या लशीवांचून तरणोपाय नाहीं. सर्पदंशाच्या रोग्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणें हा २०१३ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत गुन्हा ठरला आहे, व तें योग्यच झालें. मात्र रोगी आपण होऊनच मांत्रिकाचें दार ठोठावतो, तेथें एकटा कायदा काय करणार?

केळापूर, झरी-जामणी, मारेगांव या तालुक्यांतील कोलाम पोडांकडे पाहावें. कोलामी ही द्राविडी कुळांतील बोली; मराठीहून अगदीं निराळी. कोलाम मनुष्य बाजारांत मराठी बोलतो. पण भाव, वजन व मजुरी यांची मराठी निराळी आणि दुखण्याची निराळी. कळ कोठून उठते, डोळ्यांपुढें अंधारी केव्हां आली, हें संकटकाळीं आईच्याच बोलींत तोंडीं येतें. पोडावरील मांत्रिक त्या बोलींत विचारतो व धीर देतो. दवाखान्यांत प्रश्न परभाषेंत येतो व उत्तर अडखळतें. ज्याचें बोलणें कळतें त्याजवर मनुष्य विश्वास ठेवतो. यांत नवल तें काय?

इतिहासाचीही साक्ष अशीच आहे. ज्या रोगास आपण 'देवी' म्हणून पूजीत होतों, त्याच्या लशीस लोकांनीं 'देवी काढणें' असेंच म्हटलें. विरोध झाला, तरी जुन्या शब्दाचा हात धरून नवा उपचार घरांत शिरला, आणि १९७५ नंतर तो रोग या देशांत उरला नाहीं.

कोणी म्हणेल, मग बोलीच सोडवावी. दोन भाषांनीं मुलांची बुद्धि गोंधळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कित्येक विद्वानांचाही हाच ग्रह होता. परंतु १९६२ सालीं मॉण्ट्रियल येथील पील व लँबर्ट यांच्या अभ्यासांत द्विभाषी मुलें बुद्धीच्या कसोट्यांत सरस ठरलीं. आपल्याकडे ओडिशांतील कंध मुलांच्या अभ्यासांत अजित मोहंती यांस कुई व ओडिया या दोन्ही भाषा बोलणारीं मुलें केवळ ओडिया बोलणाऱ्यांहून पुढें आढळलीं. या सरसपणाविषयीं पुढें वाद झाले. पण दोन भाषांनीं बुद्धि खुंटते, हें मत मात्र टिकलें नाहीं. तेव्हां कोलामी व मराठी दोन्ही जाणणारें मूल हें ओझें नसून पोड व दवाखाना यांमधील पूल आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें : या तालुक्यांतील प्रत्येक दवाखान्यांत कोलामी, गोंडी व बंजारा बोली जाणणारीं माणसें असावींत, मुलांस आरंभीचें शिक्षण दोन्ही भाषांतून मिळावें, आणि 'आधीं दवाखाना' हें मांत्रिकाच्याच मुखीं यावें. आमचे व्यापारी बंधु घरीं एक व दुकानांत दुसरी भाषा बोलतात. गिऱ्हाईकाची बोली बोलल्यावांचून सौदा जमत नाहीं, हें त्यांस सांगावयास नको. जो न्याय कापसाच्या सौद्यास, तोच प्राणरक्षणास कां नसावा?